सातवी मात्रा

"आ करा. अजून. अजून थोडा."

आंतोन ब्रिटोचं सगळं आयुष्य तोंडावर चाललेलं, तरी यापेक्षा मोठा आ त्याला जमेना. डॉक्टर संचिता यांनी आरसा आत सरकवला, वरच्या समोरच्या चार दातांवर एकेक टिचकी मारली आणि दाराची कडी तपासावी तसे ते हलवून पाहिले. कड्या निघालेल्याच होत्या.

"हे चार राहणार नाहीत," त्या म्हणाल्या. कट्टा गावाच्या बाजारात त्यांनी हा दवाखाना उघडला त्याला दोनेक वर्षं झाली होती आणि दवाखान्यात त्या कटाक्षाने पुस्तकातलं मराठी बोलत. "हिरडी सुटली आहे, आत पू आहे. बुधवारी या. काढून टाकू आणि जखम भरली की कवळी बसवू."

आंतोनने आरसा बाहेर यायची वाट पाहिली.

"कवळी घालून क्लॅरिनेट वाजवता येतं?"

"काय वाजवता येतं?"

"क्लॅरिनेट. काळं, लांब, तोंडाने फुंकतात ते. वरचे दात त्याच्या तोंडावर घट्ट टेकवावे लागतात. ते टेकले नाहीत तर सूर उभा राहत नाही."

डॉक्टरीणबाई विचारात पडल्या. त्यांच्या अभ्यासक्रमात ऊस होता, सुपारी होती, क्लॅरिनेट नव्हतं. "कवळी हलेल," त्या प्रामाणिकपणे म्हणाल्या. "पाव खाता येईल." मग काहीतरी आठवून त्यांनी मास्क हनुवटीवर ओढला आणि त्याबरोबर पुस्तकातलं मराठीही खाली घसरलं. "अगो बाय! मयताक वाजयतत तां? ता तुमी वाजयतास? आमच्या शेजारची मर्सेलीन आजी गेली तेव्हा बघलंय मी. सहा पावला चालतत आनी सातव्याक थांबतत. माझी आवस नुसती वाटेर उभी रवलेली, ती पण हुंदके देवन रडली. पोर्तुगीजांच्या वेळचो मार्च मां तो?"

"हां," आंतोन म्हणाला. "जुनो आसा."

हे खोटं होतं. वीसबावीस वर्षं तो ते इतक्या सवयीने बोलत आला होता की आता ते बोलताना दातसुद्धा हलत नसत, आणि हे दात तर कशानेही हलत होते.

ते खोटं नेमकं काय होतं हे इथेच सांगून टाकायला हवं, कारण कट्ट्यात ते कुणाला ठाऊक नव्हतं आणि कट्ट्याबाहेर ते ऐकायला कुणी बसलेलं नव्हतं.

नव्वदच्या दशकात मुंबईत, माझगावच्या एका बंद पडलेल्या गॅरेजमध्ये, चार माणसं दर रविवारी आवाज करत. गॅरेजच्या फाटकावर 'नो पार्किंग' असं रंगवलं होतं, म्हणून त्यांच्या बँडचं नाव 'नो पार्किंग'. रॉक बँडच होता तो, पण त्यात गाणारा कुणी नव्हता. गाणं म्हटलं की लोकांना कळतं, आणि लोकांना कळलं की प्रयोग संपला, असं चौघांचं ठाम मत होतं. ड्रमवाला गॅसच्या रिकाम्या सिलिंडरवरही वाजवी. बेसवाला पाठ फिरवून उभा राही. रॉनी नावाचा गिटारवाला होता, तो प्रत्येक ठिकाणी एक मात्रा उशिरा पोचे. आणि क्लॅरिनेटवर आंतोन. रचना सगळ्या त्याच्या. क्लॅरिनेटपुढे माईक लावून तो आवाज गिटारच्या पेडलमधून काढायचा. रीडला, म्हणजे तोंडात धरायच्या वेताच्या पट्टीला, खालचे दात लावून किंकाळ्या फोडायच्या. कधी रीड काढून नुसती नळी फुंकायची, तर कधी फुंकायचंच नाही, नुसत्या चाव्या खडखडवायच्या. दिवसा चौघेही कुठे ना कुठे कारकून होते. कदाचित म्हणूनच.

'पाण्याची टाकी' ही त्याची मोठी रचना. सतरा मिनिटांची. तिचा पहिला भाग अतिशय संथ होता, कारण त्या भागात टाकी रिकामी असे. मूळ ताल सहाचा. पण रॉनी काही केल्या वेळेवर येईना, म्हणून आंतोनने शेवटी वैतागून त्याच्यासाठी सातवी मात्रा मोकळी ठेवली. त्या मात्रेत सगळ्यांनी गप्प उभं राहून रॉनीची वाट बघायची. एका कॉलेजच्या महोत्सवात हे एकदाच वाजलं. सहाव्या मिनिटाला श्रोत्यांतून एक चप्पल आली. ती बरोबर सातव्या मात्रेला पडली. म्हणजे निदान एकाला तरी ताल समजला होता, अशी आंतोनने स्वतःची समजूत घातली.

मग एक कॅसेट निघाली आणि ती चौघांनी एकमेकांना भेट दिली. रॉनी कॅनडाला गेला, बहुधा उशिराच. ड्रमवाला दुबईला गेला. बेसवाला विमा एजंट झाला आणि त्याने उरलेल्या तिघांच्या पॉलिस्या उतरवल्या. त्या चपलेच्या कार्यक्रमात ईडा नावाची एक नर्स शेवटपर्यंत बसून राहिली होती. तिच्याशी आंतोनने लग्न केलं. इतका टिकाऊ श्रोता पुन्हा मिळेल याची त्याला खात्री नव्हती.

पुढे बाप वारला तेव्हा तो कट्ट्याला आला. बापाची पिठाची गिरण होती. मयताला गावचा बँड होता, पण क्लॅरिनेटवाला नेमका गोव्याला लग्नात वाजवायला गेलेला. बँडचे प्रमुख बस्त्याव मेस्त. मेस्त म्हणजे संगीत शिकवणारा मास्तर; गावातल्या दोन पिढ्यांना त्यांनी सूर आणि कानाखाली दोन्ही दिलं होतं. त्यांनी दुसरं एक क्लॅरिनेट आंतोनच्या हातात कोंबलं आणि म्हणाले, "चल. वाजय."

बँड नेहमी कुठला मार्च वाजवतो हे आंतोनला ठाऊक नव्हतं. विचारायची ती वेळ नव्हती. शवपेटी खांद्यावर चढली होती. त्याने डोळे मिटले आणि तोंडातून जे बाहेर आलं ते 'पाण्याची टाकी', पहिला भाग, टाकी रिकामी. बाकीचे बावचळले. मोठा ढोल गळ्यात अडकवलेल्या गुरुदासने पेटी उचललेल्या माणसांच्या पावलांकडे बघत कसाबसा ठेका धरला. सातव्या मात्रेला काहीच ऐकू येईना तशी ती माणसं पाऊल अधांतरी धरून थांबली. लोक एकमेकांकडे बघायला लागले. तेवढ्यात बस्त्याव मेस्त मागे वळले आणि मोठ्याने म्हणाले, "जुनो मार्च आसा. माझो बापूस वाजयत होतो." आणि त्यांनी आपलं आखूड पितळी कॉर्नेट तोंडाला लावलं.

झालं. पुढच्या मयताला घरच्यांनी स्वतःहून सांगितलं, तो जुना मार्च हवा. त्याच्या पुढच्यालाही. आंतोन गिरणीवर बसला, बँडमध्ये राहिला आणि कट्ट्यात मयत सहा पावलं चालून सातव्याला थांबायला लागलं. त्या थांबण्याला हळूहळू कारणंही फुटली. एका फादरनी प्रवचनात सांगितलं की ही सायबिणीची, म्हणजे मेरीमातेची, सात दुःखं. चहाच्या टपरीवर सत्यवान पेडणेकर सांगे, "मयताक शेवटचो गाव बघूक गावता, तेच्यासाठी थांबतत." हे लोकांना जास्त पटलं. थांबलं की पेटी खांद्यावर देणारे, मागचे, वाटेवरचे, सगळे एकदा मान वर करून गावाकडे बघत. रॉनीचं नाव कुणाच्याही मनात येत नसे.

&nbsp;

रविवारी गिरणीमागच्या पडवीत बँड जमला. बँड म्हणजे आता सहा जण. मेस्त वर्षभर अंथरुणावर होते. कॉर्नेटच्या जागी ट्रंपेट होतं आणि ते ॲल्स्टनकडे होतं. ॲल्स्टन हा ईडाच्या बहिणीचा मुलगा, पस्तिशीचा, दोन मुलांचा बाप. हंगामात तो तारकर्लीला पर्यटकांना समुद्राखाली नेऊन मासे दाखवी. पाण्याखाली बोलता येत नसल्यामुळे ते सगळं साठवून जमिनीवर बोले.

"अंकल, दात जातले ते जातले," तो म्हणाला, "पण मार्च जावक नको. मी बरो माईक हाडलंय. पुढच्या मयताक रेकॉर्ड करून ठेवया. मगे तुमी नसलास तरी स्पीकरार लावूक गावतलो."

"मी दात काढतंय रे. जीव न्हय."

"तेका आता दोनी सारख्याच," गुरुदास म्हणाला आणि ढोलाची दोरी आवळू लागला.

"आनी नेटार पण घालूया," ॲल्स्टन म्हणाला. "आमच्यो कोकणातल्यो जुन्यो वस्तू लोक लय बघतत. खाली फक्त नाव घालूचा लागता. संगीत कोणाचा, म्हणान."

आंतोन रीड जिभेवर धरून ओली करत होता. ती त्याने तोंडातून काढली. इतकी वर्षं हा प्रश्न त्याला कुणी विचारला नव्हता, आणि आता विचारला तो फॉर्ममधला रकाना भरायचा म्हणून. बुधवारी दात जाणार. त्यानंतर तो मार्च वाजवणारा नसेल, नुसता ऐकणारा असेल, आणि ऐकणाऱ्याला रचनेवर हक्क सांगता येत नाही.

"माझा घाल," तो म्हणाला.

"काय तुमचा?"

"नाव. मार्च माझो आसा. मी केलंय. मुंबयक."

बाकीच्यांनी एकमेकांकडे पाहिलं. मग गुरुदासने ढोल गळ्यातून काढून खाली ठेवला, कारण ढोल पोटावर असताना त्याला हसता येत नसे.

"डॉक्टरणीन इंजेक्शन खंय दिल्यान रे? हिरडयेत की मेंदवात?"

"अंकल," ॲल्स्टन समजावणीच्या सुरात म्हणाला, "मेस्ताचो बापूस वाजयत होतो मां तो?"

"मेस्त खोटा सांगता."

मेस्तांबद्दल असं कुणी बोललेलं नव्हतं. जे चार जण तोवर हसत होते ते जमिनीकडे बघू लागले.

"मेस्त थंय आंथरुणार पडलो हा," गुरुदास हळू म्हणाला, "आनी तू हय बसान तेच्यार आळ घालतंस? दातांबरोबर लाज पन काढून घेतंस काय मेल्या?"

"पुरावो आसा काय अंकल?" ॲल्स्टनने विचारलं. त्याला खरंच कीव आली होती, आणि ते जास्त वाईट होतं.

"कॅसेट आसा," आंतोन म्हणाला. "हाडतंय."

घरी ईडा वाल सोलत बसली होती. ग्रामीण रुग्णालयातून निवृत्त झाल्यापासून तिने घरामागचा मळा हातात घेतला होता आणि तिथे ती वॉर्डात असे तितकीच कडक असे.

"ईडा, माझी ती कॅसेट खंय गो?"

"खंयची?"

"टाकयेची."

"ती? कुळथात."

आंतोनला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. ईडाने बोटाने खिडकीबाहेर दाखवलं. मळ्यात कुळीथ हातभर वाढला होता आणि त्याच्यावरून, काठीपासून काठीपर्यंत, कॅसेटमधली तपकिरी फीत ताणून बांधली होती. खारं वारं आलं की ती थरथरे, उन्हात चमके आणि तिच्यातून बारीक, चिडका, एका सुराचा गुंजारव निघे.

"बुरशी इल्ली तिका. वाजणा नाय, काय नाय. दोन वर्सां झाली बांधून," ईडा समाधानाने म्हणाली. "एक पाखरू येणा नाय."

श्रोते पळवून लावण्याचा त्या कॅसेटचा गुण शाबूत होता. आंतोन खिडकीशी उभा राहून थोडा वेळ ऐकत राहिला. खरं सांगायचं तर रचनेच्या मधल्या भागाच्या बरंच जवळ जात होतं.

"कित्याक व्हयी होती?"

"ॲल्स्टनाक दाखवूची होती. मार्च माझो म्हणान सांगलंय तेंका."

वाल सोलणारी बोटं थांबली. "मगे?"

"हसले."

"माका बोलवचा होता. मी होतंय थंय. चप्पल माझ्या कानावरसून गेल्ली."

"तू माझी बायल. तुझी साक्ष कोण धरता?"

"मगे मेस्ताक इचार जा," ईडा म्हणाली. "अंग गेला तरी तोंड चालता तेचा अजून."

&nbsp;

मेस्तांच्या घरी त्यांची मुलगी जॅनेट त्यांना चमच्याने पेज भरवत होती. दोन चमचे आत जात, तिसऱ्याला ते ओठ मिटून घेत. हेही तालातच चाललं होतं. आंतोनला बघून जॅनेट वाटी घेऊन आत गेली. "बोला तुमी," ती म्हणाली, "तुमच्याकडे बोलताना तरी तोंड उघडतले."

उन्हं उतरली होती. भिंतीवरचं कॉर्नेट काळं पडलेलं. आंतोन खाटेजवळच्या खुर्चीवर बसला आणि कसं सुरू करावं हे न सुचल्याने त्याने सुरू केलं.

"मेस्त, तो मार्च..."

"खंयचो?" डोळे मिटलेलेच.

"जुनो."

"जुनो खंयचो तो? तुझो मां?"

आंतोनने खुर्ची पुढे ओढली. "तुमका म्हायत होता?"

"माझो बापूस ताडी काढत होतो रे," मेस्त म्हणाले. "तेका फुंकूक चूल येत होती फक्त." बोलून ते थोडे दमले, मग पुन्हा सुरू झाले. "तुझो बापूस पेटयेत, आनी तू काय ता उलटा-सुलटा वाजयतंस. ह्यां तुझ्या मुंबयचा खूळ म्हणान कळला असता तर लोकांनी तुका थंयच पुरल्यानी असतो. बापाशीच्या वयर. म्हणान जुनो केलंय तेका. जुना म्हटला की कोण इचारणा नाय."

"आनी मगे इतकी वर्सां?"

मेस्तांनी डोळे उघडले. डोळ्यांत मोतीबिंदू होता, त्यामुळे ते आंतोनकडे बघत होते की त्याच्या मागच्या दाराकडे हे कळत नव्हतं.

"बरो होतो, म्हणान," ते म्हणाले.

संगीतकार म्हणून आंतोन ब्रिटोच्या कामावर आलेला हा पहिला अभिप्राय होता. चप्पल धरली तर दुसरा. तो ऐकून काय करायचं असतं हे त्याला ठाऊक नव्हतं. त्याने मेस्तांच्या पायावरची चादर सारखी केली, जी सारखीच होती.

"ॲल्स्टनाक सांगशात?" त्याने विचारलं. "नाव घालूचा आसा. माझो इस्वास नाय धरणत ते. तुमी सांगलास तर धरतले."

"सांगतंय. सकाळी धाड तेका." मेस्तांनी पुन्हा डोळे मिटले. झोपले असं वाटत असतानाच म्हणाले, "पन माझा एक काम करूक व्हया."

"सांगा."

"माझ्या मयताक तो थांबो नको."

"म्हणजे?"

"सातवी काढून टाक. हयसून इगर्ज केवढी लांब, आनी सहा पावलांक एकदा उभ्या रवाचा. मी कितके मेलेले बघलंय तसे थांबत थांबत जाताना. मेलेल्याक पन कंटाळो येयत." त्यांनी श्वास घेतला. "म्हणे गाव बघूक गावता. माका नाय बघूचो. पंच्याऐंशी वर्सां तोच बघलंय. पुरो झालो. माका सरळ घेवन जा."

"सातवी काढली तर तेच्यात माझा काय रवता, मेस्त?" आंतोनच्या तोंडून निघून गेलं.

"तुझो आसा मां तो?" मेस्त म्हणाले. "मगे तूच काढू शकतंस. दुसऱ्या कोणाक ता जमाचा नाय."

आतून जॅनेटने हाक मारली, "पप्पा, पेज निवता!" मेस्तांनी ओठ घट्ट मिटून घेतले.

सोमवारी सकाळी ॲल्स्टन मेस्तांकडे निघाला होता खरा. पण तो वळणावर असतानाच चर्चची घंटा सुरू झाली, सावकाश, एकेक. ती ऐकून त्याने मोटरसायकल बाजूला लावली आणि डोक्यावरची टोपी काढली.

&nbsp;

मयत मंगळवारी दुपारी निघालं. जॅनेटचा भाऊ मस्कतहून यायचा होता म्हणून एक दिवस ठेवलं होतं. सगळा कट्टा लोटला होता. ज्यांनी मेस्तांचा मार खाल्ला होता ते पुढे आणि ज्यांच्या मुलांनी खाल्ला होता ते मागे. ॲल्स्टनने आंतोनच्या कॉलरला बटणाएवढा माईक लावला.

"काल सकाळी मेस्त काय सांगणार होते अंकल?"

"रवांदे आता."

मग आंतोन गुरुदासजवळ गेला. रविवारपासून गुरुदास त्याच्याशी बोलत नव्हता.

"आज सहाचोच. सातवी नाय. थांबूचा नाय, सरळ जावचा."

"कित्याक?"

"मेस्ताची इच्छा."

"रविवारी मेस्त खोटो, आनी मंगळवारी मेस्ताची इच्छा," गुरुदास म्हणाला. पण पेटीपुढे भांडण नको म्हणून त्याने ढोल गळ्यात अडकवला. "बरा. तुझ्या मनासारख्या होवंदे. उद्यापासून तुझा तोंडच नाय."

पेटी उचलली. आंतोनने क्लॅरिनेट तोंडाला लावलं, वरचे चार दात टेकवले. ते आत दबले आणि हिरडीतून कळ थेट कपाळात गेली. त्याने सूर लावला.

सातवी काढल्यावर मार्च अगदी नीटनेटका झाला. एक ओळ संपली की लगेच दुसरी. कुठे खड्डा नाही, कुणाची वाट बघणं नाही. महोत्सवात असाच वाजवला असता तर चप्पल आली नसती, आणि तो कुणाच्या लक्षातही राहिला नसता. आंतोन वाजवत चालला. दुसरी ओळ, तिसरी ओळ. मेस्त, सरळ नेतो तुम्हाला, त्याने मनात म्हटलं.

तिसऱ्या ओळीनंतर त्याच्या लक्षात आलं की मागून पावलं ऐकू येत नाहीत.

त्याने वाजवता वाजवता वळून पाहिलं. पेटी दहा हात मागे उभी होती. सहा पावलं चालून माणसं थांबली होती. क्लॅरिनेट पुढे गेलं हे त्यांच्या कानांना कळलं असेल, पायांना कळलं नव्हतं. मागची बायकामाणसं थांबली होती. काळा रुमाल धरलेली जॅनेट थांबली होती. टपरीच्या दारात हात जोडून उभा असलेला सत्यवान हललाच नव्हता, तरी तोही थांबल्यासारखा दिसत होता. गुरुदासची काठी हवेत होती, बाकीचा बँडही त्याच्याजवळ थांबला होता. आणि सगळे मान वर करून गावाकडे बघत होते: एसटीचा थांबा, गिरणीचं पत्र्याचं छप्पर, पलीकडचे काजू.

मग पावलं पडली. सहा. पुन्हा थांबली.

आंतोनने गुरुदासला डोळ्यांनी खुणावलं. गुरुदासने काठी हलवून सांगितलं, मी काय करू? पुढच्या ओळीला त्याने जोर लावला, ती माणसं ओढली जातील या आशेने. ओढली गेली नाहीत. बाजारातल्या वळणाशी तर असं दिसायला लागलं की एक माणूस आपला एकटाच क्लॅरिनेट वाजवत कुठेतरी निघाला आहे आणि त्याच्याशी काही संबंध नसलेलं एक मयत मागून येत आहे.

दुसऱ्या कोणाला जमणार नाही, असं मेस्त म्हणाले होते. आता त्यालाही जमत नव्हतं.

तो उभा राहिला. तोंडात रक्ताची चव आली होती. पेटी जवळ येईपर्यंत तो थांबला, बाजूला होऊन तिच्या शेजारी चालू लागला आणि पुढच्या पावलाबरोबर त्याने टाकी पहिल्यापासून धरली. सहा मात्रा वाजवल्या आणि सातव्या मात्रेला क्लॅरिनेटच्या तोंडावर दात तसेच टेकवून श्वास रोखून तो उभा राहिला. आजूबाजूला शेकडो माणसं एक पाऊलही न वाजवता उभी होती. चार कारकुनांच्या बँडला ही शांतता एकदाही जमली नव्हती. तिकडे दर वेळी कुणीतरी खोकायचं.

माफ करा मेस्त, त्याने पेटीकडे बघत मनात म्हटलं. बघा अजून एकदा.

चर्चपर्यंत, आणि चर्चपासून मातीपर्यंत, तो तसाच वाजवत गेला. मेस्तांना पोचायला नेहमीपेक्षाही जास्त वेळ लागला.

माती देऊन झाल्यावर लोक पांगले. ॲल्स्टनने त्याच्या कॉलरचा माईक काढला आणि फोन कानाला लावून थोडं ऐकलं.

"मस्त इला हा अंकल. फक्त सुरवातीक तुमी चुकलास मां, थांबूचा इसारलास, तेवढा कापून टाकतंय."

"काप," आंतोन म्हणाला.

ॲल्स्टन घुटमळला. रविवारचं त्याच्या मनात होतं. "आनी नाव... तुमी म्हणतास तर तुमचा घालतंय. कोण बघता?"

आंतोनने क्लॅरिनेटचे भाग सुटे केले. एकेक फडक्याने पुसला आणि वाद्याच्या डब्यातल्या खाचेत बसवला. तोंडाच्या भागावर वरच्या दातांनी पाडलेल्या दोन खोल खुणा होत्या. त्यावरून एकदा अंगठा फिरवून तोही त्याने आत ठेवला. गुरुदास थोड्या अंतरावर उभा राहून ऐकत नसल्यासारखं करत होता.

"जुनो लिव," आंतोन म्हणाला. "मेस्ताच्या बापाशीचो."

&nbsp;

बुधवारी दात निघायला काहीच वेळ लागला नाही. "सहज आले," डॉक्टर संचिता म्हणाल्या, जणू ते स्वतःच्या पायांनी आले होते. त्यांनी कापसाचे बोळे भरले, तासभर तोंड उघडायचं नाही असं बजावलं आणि मग मास्क खाली करून हळूच म्हणाल्या, "काल वाटेर उभी होतंय मी. लय बरा वाजयलास." आंतोनने मान हलवली. तोंड बंद असल्यामुळे उत्तर द्यायचा प्रश्न मिटला होता.

तो बाजारातून घराकडे निघाला. जीभ वारंवार रिकाम्या जागेकडे जात होती. गिरणी चालू होती. पट्ट्याची शिवण चाकावरून जाताना फट्ट असा आवाज येत होता. घराच्या पायवाटेला लागल्यावर मळ्याच्या बांधाशी तो थांबला. का थांबला ते त्याचं त्यालाही कळलं नाही. वारं होतं. कुळथावरची तपकिरी फीत थरथरत होती आणि मळ्यात एक पाखरू नव्हतं.

ईडा विळा हातात घेऊन ओणवी होती. ती सरळ झाली.

"काय रे, उभो कित्याक रवलंस? दुखता?"

त्याने हात वर केला, थांब म्हणून. थोडा वेळ ती थांबली. मग त्याने हात खाली घेतला आणि तो पुढे चालू लागला.